दीड मिलिमीटरच्या शीटखाली काय आहे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या शहराच्या कचरा डेपोच्या विस्ताराला मंजुरी मिळाल्याची बातमी आपल्या दैनिकात गेल्या आठवड्यात वाचली. सध्याच्या ढिगाला लागून असलेल्या जमिनीवर शास्त्रोक्त क्षेपणभूमीचा नवा खड्डा खणला जाणार असून त्याच्या तळाशी दीड मिलिमीटर जाडीची एचडीपीई (उच्च घनतेचे पॉलिथिन, म्हणजे एक प्रकारचे प्लास्टिक) शीट अंथरली जाणार आहे, त्यामुळे भूजल दूषित होण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, असे अधिकाऱ्यांनी सांगितल्याचे त्या बातमीत होते. मी निवृत्त स्थापत्य अभियंता आहे. नोकरीतली शेवटची काही वर्षे अशाच अस्तर घातलेल्या खड्ड्यांच्या कामावर गुणवत्ता तपासण्यात गेली. त्या अनुभवावरून सांगतो की प्रश्न उद्भवतो, आणि त्याचे उत्तर शीटच्या जाडीत फारसे नसते. शीटच्या खाली, वर आणि कडेला काय केले आहे त्यात ते असते.

विस्ताराला माझा विरोध नाही, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. ओल्या कचऱ्याचे खत केले, भंगार वेगळे काढले, तरी शेवटी काही उरतेच आणि ते कुठेतरी पुरावे लागते. उघड्या जमिनीवर ओतण्यापेक्षा अस्तरावर टाकणे केव्हाही चांगले. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे उघड्यावर झेललेल्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांना विहिरी नासल्यावर टँकरच्या पाण्यावर दिवस काढावे लागले, ही काही फार जुनी गोष्ट नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की अस्तर हे विकत आणून पसरायचे सामान नाही, ते जागेवर बांधायचे काम आहे. आणि निविदा निघण्यापूर्वी त्या कामाविषयी नागरिकांनी काही गोष्टी विचारून घ्यायला हव्यात.

नियम काय म्हणतो ते पाहू. 2000 सालच्या आणि त्यानंतर 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत अस्तराचे वर्णन सारखेच आहे. दीड मिलिमीटरची एचडीपीई शीट किंवा तिच्या तोडीचे साहित्य, आणि तिच्याखाली 90 सेंटीमीटर जाडीचा चिकणमातीचा किंवा सुधारित मातीचा असा थर की ज्यातून पाणी झिरपण्याचा वेग सेकंदाला एका सेंटीमीटरच्या एक कोटीव्या भागाहून अधिक नसेल. शिवाय या मातीच्या थराच्या तळापासून भूजलाची सर्वोच्च पातळी किमान दोन मीटर खाली असली पाहिजे. बातमीत शीटचा उल्लेख होता. मातीचा नव्हता आणि भूजल पातळीचाही नव्हता.

यातल्या 'सर्वोच्च' या शब्दाकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. आपल्याकडे जागेची पाहणी आणि बोअर घेण्याचे काम बहुधा एप्रिल-मे महिन्यांत उरकले जाते, कारण तेव्हा यंत्र रानात नेता येते आणि उभी पिकेही नसतात. त्या दिवसांत मोजलेली पातळी अहवालात लिहिली जाते आणि तळ ठरतो. पण आपल्या पठारावरचा मुरूम आणि त्याखालचा फुटीर काळा खडक पावसाचे पाणी भराभर पितो. मे महिन्यात तळ दिसणारी विहीर भाद्रपदात वाकून कळशी भरता येईल इतकी वर येते, हे इथल्या कोणत्याही शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. अशा ठिकाणी मे महिन्याच्या आकड्यावर खड्ड्याचा तळ ठरवला, तर पहिल्याच पावसाळ्यात भूजल खालून मातीच्या थराला टेकते. खड्डा रिकामा असेल तर ते अस्तराला खालून ढकलून फुगवते आणि मेहनतीने दाबलेली माती मऊ करून टाकते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींच्या वर्षभराच्या नोंदी असतात. त्या पाहून आणि प्रस्तावित जागेवर एक पूर्ण पावसाळा मोजणी करून मगच तळ ठरवायला हवा. तळ दीड-दोन मीटरने वर घ्यावा लागला, तर खड्ड्याची क्षमता आणि त्यावर बेतलेला खर्चाचा सगळा हिशेब बदलतो, म्हणून हे निविदेनंतर सुचून उपयोगाचे नाही.

आता माती. काळी माती चिकट असते, ओली झाली की पाणी धरून ठेवते, म्हणून तीच अस्तराला वापरावी असे वरवर पाहता वाटते. पण तीच माती उन्हाळ्यात किती फाटते, हेही आपण रानात पाहतो. त्यामुळे ती तशीच वापरायची, तिच्यात दुसरी माती मिसळायची की बेंटोनाइट (पाण्याने फुगणारी बारीक चिकणमाती) घालून सुधारायची, हे प्रयोगशाळेत ठरवावे लागते. त्यानंतर येतो तो पाण्याचा प्रश्न. इथे एक बारकावा आहे, जो मी वर्षानुवर्षे ठेकेदारांना आणि कधी कधी आमच्याच कनिष्ठ अभियंत्यांना समजावत आलो. रस्त्याच्या भरावात माती थोडी कोरडी ठेवून रोलर फिरवला तरी चालते, कारण तिथे घनता हवी असते. अस्तराच्या मातीत घनतेबरोबर पाझर अडवायचा असतो, आणि त्यासाठी माती जास्तीत जास्त घनता देणाऱ्या ओलाव्यापेक्षा किंचित अधिक ओली ठेवून, पातळ थरांत, शीपफूट रोलरने (पृष्ठावर खुंट्या असलेल्या रोलरने) अक्षरशः मळावी लागते. ज्वारीचे पीठ कमी पाण्यात घाईघाईने मळले तर भाकरी थापताना कडा फाटतात. तेच पीठ नीट रगडले की एकजीव होते. मातीचेही तसेच आहे. कोरड्या बाजूने दाबलेल्या मातीत ढेकळांमधल्या फटी तशाच राहतात. घनतेची चाचणी उत्तीर्ण होते आणि पाझर मात्र दहापट, कधी शंभरपट जास्त निघतो. म्हणून कंत्राटात फक्त 'पंच्याण्णव टक्के घनता' एवढीच अट लिहिलेली असेल, तर ती रस्त्याच्या कामातून उचललेली अट आहे असे खुशाल समजावे.

दहापट पाझर म्हणजे किती, याचा हिशेब पाटीवर मांडता येतो. नियमाप्रमाणे केलेल्या 90 सेंटीमीटर मातीवर 30 सेंटीमीटर पाणी उभे आहे आणि वर शीट नाही असे धरले, तर एका हेक्टरातून दिवसाला साडेअकराशे लिटरच्या आसपास पाणी खाली जाईल. माती दहापट पाझरणारी असेल तर साडेअकरा हजार लिटर, म्हणजे रोज एका टँकरहून अधिक. शीट बसवली की हे प्रमाण खूपच घटते, पण शीटला जिथे भोक असेल तिथे पुन्हा खालची मातीच कामाला येते. दोन्ही थर एकमेकांना चिकटून असतील, तरच भोकातून आलेले पाणी जागच्या जागी अडते.

एका कामावरचा प्रसंग सांगतो. गाव आणि ठेकेदार यांची नावे देत नाही. मातीचा थर उत्तम झाला होता, चाचण्याही चांगल्या आल्या होत्या. फेब्रुवारीत शीट अंथरून झाली आणि खडीच्या थराची निविदा अडकल्यामुळे ती तशीच उघडी राहिली. मे महिन्यात एका सांध्याची दुरुस्ती करण्यासाठी आम्ही शीटचा तुकडा कापला, तेव्हा खालच्या मातीत बोटाचे पहिले पेर जाईल एवढ्या भेगा पडलेल्या दिसल्या. काळी शीट दिवसभर तापते, खालच्या मातीतला ओलावा वाफ होऊन शीटच्या पोटाला लागतो आणि रात्री थंड झाला की उतारावरून ओघळून तळाशी जमतो; वरचा भाग सुकत जातो. शीट पाहायला आलेल्या सर्व मान्यवरांनी वरून चकचकीत काम पाहून समाधान व्यक्त केले होते. त्यांचा दोष नाही, वरून भेगा दिसतच नाहीत. पण तेव्हापासून माझे मत ठाम झाले आहे की माती, शीट, संरक्षक कापड आणि खडी ही चार कामे एकाच निविदेत, एकाच मोसमात, एकामागोमाग झाली पाहिजेत. आणि एका वेळी जितके झाकता येईल तितकेच उघडावे.

शीट साधारण सात मीटर रुंदीच्या गुंडाळ्यांत येते. म्हणजे एका हेक्टरात सुमारे दीड किलोमीटर सांधे येतात, आणि ते सगळे उन्हातान्हात, धुळीत, माणसांच्या हातून वेल्ड होतात. चांगल्या वेल्डिंग यंत्राने दोन समांतर पट्ट्या जोडल्या जातात आणि मधे हवेची अरुंद नळी राहते. तिची दोन्ही टोके बंद करून एका टोकाला सुई खुपसायची, हवा भरायची आणि पाच मिनिटे दाबमापकाच्या काट्यावर नजर ठेवायची. काटा ठरलेल्या मर्यादेपेक्षा खाली आला की सांधा नापास. मात्र काटा स्थिर राहिला म्हणून उठायचे नसते. मग दुसरे टोक कापून हवा सुटते का, हे बघायचे. काटा झटकन शून्यावर आला, तरच हवा शेवटपर्यंत पोहोचली होती असे म्हणता येते. नाहीतर नळी मधेच कुठे बंद झालेली असते आणि आपण अर्धाच सांधा तपासलेला असतो. ही दुसरी पायरी घाईत गाळली जाते, आणि कागदावर दोन्ही सारखेच दिसते. सांधे घालण्याची वेळही महत्त्वाची असते. एचडीपीई तापली की पसरते. तीस अंशांच्या फरकाला शंभर मीटरच्या पट्टीत हा बदल अर्ध्या मीटरच्या जवळपास जातो. भर दुपारी शीटवर लाटा उठतात. त्या लाटांवरच खडी टाकली की घड्या कायमच्या अडकतात, शीट मातीला चिकटत नाही आणि घडीवर पडलेल्या एका भोकाचे पाणी त्या घडीखालून लांबवर पळते. म्हणून झाकण्याचे काम पहाटे, शीट आखडून सपाट बसलेली असताना करायचे असते. सकाळी दहाला हजेरी लावणाऱ्या देखरेखीला ते दिसणार नाही.

शीटच्या वर कचऱ्यातून झिरपणारे काळे पाणी, म्हणजे लीचेट, वाहून नेणारा खडीचा थर आणि छिद्रे पाडलेले पाइप असतात. परदेशी पुस्तकांत यासाठी गोल गोटे सांगितलेले असतात. आपल्याकडे मिळते ती क्रशरची बेसॉल्टची खडी, कोपरे धारदार. म्हणून मधे जाड जिओटेक्स्टाइलचा, म्हणजे कृत्रिम धाग्यांच्या संरक्षक कापडाचा, गादीसारखा थर हवा आणि त्याची जाडी त्याच खडीवर दाब देऊन ठरवलेली हवी. बहुतेक भोके शीट अंथरताना पडत नाहीत, ती खडी पसरताना पडतात. त्यामुळे विजेचा प्रवाह वापरून गळती शोधण्याची चाचणी खडी टाकून झाल्यावर घ्यावी, अशी अट असली पाहिजे. पाइपची तोंडे उतारावरून वर काढलेली हवीत, नाहीतर ते तुंबल्यावर साफ कसे करणार? आणि पहिला एक मीटर कचरा निवडक, मऊ असावा. त्यात सळ्या, पाइपचे तुकडे, बांधकामाचा राडारोडा नको.

पावसाच्या पाण्याबद्दल थोडक्यात. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. एका दिवसात शंभर मिलिमीटर पडला, तर प्रत्येक हेक्टरमागे दहा लाख लिटर, म्हणजे शंभर टँकर. पूर्ण खड्डा एकाच वेळी उघडला, तर हे सगळे पाणी कचऱ्याला लागून लीचेट होते आणि ते साठवायला कोणतीही टाकी पुरत नाही. मग पंप लावून ते रात्री ओढ्यात सोडले जाते. उपाय सोपा आहे. खड्ड्याचे बांध घालून लहान भाग करायचे. ज्या भागात कचरा पडलेला नाही, तिथले पाणी स्वच्छ म्हणून वेगळे बाहेर काढायचे. आणि नियमात सांगितल्याप्रमाणे रोज संध्याकाळी किमान 10 सेंटीमीटर माती आणि पावसाळ्यापूर्वी 40 ते 65 सेंटीमीटरचे आच्छादन घालायचे. कोकणात किंवा गोव्यात, जिथे पाऊस आपल्या चौपट आणि खालचा जांभा चाळणीसारखा पाझरतो, तिथे या भागांचा आकार याहून लहान ठेवावा लागेल.

माझी सर्वांत मोठी काळजी मात्र जुन्या ढिगाची आहे. नवा खड्डा त्याला 'लागून' होणार असे बातमीत म्हटले आहे, आणि या एका शब्दात तीन धोके आहेत. पहिला, जुन्या ढिगाला अस्तर नाही; त्याचे लीचेट पायथ्याशी झिरपते आणि नव्या खड्ड्याचा तळ त्याच पातळीखाली जाणार. म्हणजे आपण नवे अस्तर जुन्या घाणीच्या वाटेत घालणार. आधी मधे चर खणून ते पाणी अडवून बाहेर काढले नाही, तर पुढे भूजल दूषित आढळल्यावर ते जुन्याचे की नव्याचे, हा वाद कधीच सुटणार नाही, आणि तो न सुटणे काहींच्या सोयीचे असेल. दुसरा, नव्या कचऱ्याची एक बाजू जुन्या ढिगाच्या उतारावर टेकवायची ठरली, तर तिथले अस्तर खचणाऱ्या आणि वायू सोडणाऱ्या कचऱ्यावर बसते. ते ताणले जाते, खालून फुगते. त्यासाठी वेगळा आराखडा लागतो. तळाचाच छेद उचलून उतारावर डकवता येत नाही.

तिसरा धोका जिवावरचा आहे. ढिगाच्या पायथ्याशी खणणे म्हणजे त्याचा आधार काढून घेणे. अमेरिकेत ओहायो राज्यात सिनसिनाटीजवळ 9 मार्च 1996 रोजी एका कचराभूमीची अख्खी बाजू घसरली. सुमारे 12 लाख घनमीटर कचरा खाली आला. तिथेही विस्तारासाठीच, नव्या अस्तराच्या खड्ड्यासाठीच पायथ्याशी खोल खोदकाम चालले होते. काही दिवस आधी माथ्यावर भेगा दिसल्या होत्या. आपल्याकडे दिल्लीच्या गाझीपूरचा ढीग 1 सप्टेंबर 2017 रोजी पावसानंतर कोसळला आणि दोघांचा जीव गेला. आपल्या डेपोच्या पायथ्याशी कचरा वेचणाऱ्या बायका आणि मुले रोज असतात. खोदकाम ढिगापासून किती अंतर सोडून, किती खोल आणि किती लांबीच्या टप्प्यांत करायचे, याची स्थिरतेची गणिते आराखड्यात आहेत का, हे कोणीतरी विचारायला हवे.

नव्या अस्तराचा उतारही घसरू शकतो, हे अनेकांना खरे वाटत नाही. कॅलिफोर्नियात केटलमन हिल्स येथे 19 मार्च 1988 रोजी अस्तर घातलेल्या, मान्यताप्राप्त आराखड्याच्या नव्या खड्ड्यातला जवळपास 27 मीटर उंचीचा घातक कचरा काही तासांत साडेदहा मीटरपर्यंत आडवा सरकला. खालची जमीन जागची हलली नव्हती. गुळगुळीत शीट आणि ओली माती यांच्यामधली पकड सुटली होती, आणि पुढचा टप्पा अजून भरायचा असल्यामुळे समोर आधारही नव्हता. तीनास एक असा उतार म्हणजे सुमारे 18 अंश. गुळगुळीत एचडीपीई आणि जिओटेक्स्टाइल यांच्यातला घर्षणकोन, म्हणजे ज्याहून तीव्र उतारावर एक थर दुसऱ्यावरून घसरू लागतो तो कोन, मात्र 10 अंशांच्या आसपास असतो. म्हणून उतारावर खरखरीत पृष्ठाची शीट घ्यावी लागते आणि प्रत्यक्ष वापरायचे साहित्य एकमेकांवर सरकवून चाचणी करावी लागते. खरखरीत शीट महाग पडते. निविदेच्या परिमाणपत्रकात, म्हणजे कामे आणि साहित्य यांच्या यादीत, ती आहे का, हे एका ओळीत कळते.

तेव्हा नगरपालिकेला माझी विनंती अशी की सविस्तर प्रकल्प अहवाल, जमिनीचे बोअर आणि परिमाणपत्रक निविदेपूर्वी संकेतस्थळावर ठेवावे. मातीच्या प्रत्येक थराच्या चाचण्या आणि सांध्यांच्या नोंदी, तारीख, वेळ आणि यंत्र चालवणाऱ्याच्या सहीसह, पहिली कचरागाडी आत जाण्यापूर्वी लोकांना पाहता याव्यात. तपासणी करणारी संस्था ठेकेदाराच्या पैशांवर नेमलेली नसावी. आमच्या वेळी ती अनेकदा तशी असे, आणि तिच्या अहवालाची भाषा वाचूनच ते कळे. भूजलाच्या गुणवत्तेची आधारनोंद काम सुरू होण्याआधी घेणे आणि पुढे सीमेपासून 50 मीटरच्या आत उन्हाळा, पावसाळा आणि पावसाळ्यानंतर अशी तपासणी करणे नियमात आहेच. तेवढ्यासाठी वेगळा ठराव लागणार नाही.

डेपोच्या उताराकडच्या बाजूला, ओढ्याच्या अलीकडे, तीन-चार शेतविहिरी आहेत. गेल्या गणपतीत एका परिचिताच्या मळ्यात गेलो असताना त्यांतल्या एकीचे पाणी काठापासून माणूसभर खोलीवर होते. नव्या खड्ड्याचा तळ त्याहून खाली जाणार असेल, तर आराखडा पुन्हा काढावा लागेल. यंदाच्या भाद्रपदात नगरपालिकेचा अभियंता टेप घेऊन मोजायला येणार असेल, तर मी त्याच्याबरोबर यायला तयार आहे.

आपला,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)